अळणावर–दांडेली फाट्याची एक दिवसाची सहल : एक परीक्षण

खानापूर तालुक्यातील काही तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी लोंढा, अळणावर आणि दांडेली अशी एक मार्गदर्शित सहल नेतात. सहलीचा विषय एकच आहे. अळणावरहून जंगलात शिरणारा आणि दांडेलीजवळ आंबेवाडीला संपणारा रेल्वेचा फाटा का घातला गेला, त्यावरून काय वाहून नेले गेले आणि त्यावरची प्रवासी गाडी का थांबली, एवढेच ते दिवसभर सांगतात. दांडेली म्हटले की आता काळी नदीतले राफ्टिंग, रिसॉर्ट आणि धनेश पक्षी यांचीच नावे पुढे येतात. अशा ठिकाणी रेल्वेच्या इतिहासासाठी माणसांकडून पूर्ण दिवस मागणारी सेवा कोणीतरी सुरू केली, हे मला फार मोलाचे वाटते, आणि म्हणूनच तिच्या गुणांबद्दल व उणिवांबद्दल थोडे सविस्तर लिहीत आहे. गट लहान आहे, नोंदणी ओळखीतून होते आणि पुढे मी काही स्पष्ट हरकती नोंदवणार आहे, त्यामुळे मंडळींची नावे इथे देत नाही.

सकाळी सगळे लोंढा स्थानकावर जमतात. पहिले निरूपण तिथेच, फलाटाच्या कडेला, चहा झाल्यावर होते. मार्गदर्शक तरुण थेट दांडेलीकडे न वळता १८७६ ते १८७८ च्या दुष्काळापासून सुरुवात करतो, आणि ही निवड मला अगदी योग्य वाटली. त्या दुष्काळात दख्खनच्या कोरड्या मुलखात धान्य पोहोचवायला वाट नव्हती, या अनुभवातून सदर्न मराठा रेल्वेच्या मार्गांची आखणी पुढे आली आणि १८८२ मध्ये कंपनी उभी राहिली. कंपनीचे मुख्य कार्यालय धारवाडला होते आणि त्याच इमारतीत पुढे कर्नाटक कॉलेज आले, हे आपल्याकडच्या कितीतरी पदवीधरांना ठाऊक नसते. इकडे १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज करारामुळे मुरगाव बंदराकडे जाणारा मार्ग ठरला, आणि कॅसलरॉक ही दोन राजवटींमधली वेस झाली. पुणे–मिरज–बेळगावकडून येणारा मार्ग आणि हुबळीकडून गोव्याकडे जाणारा मार्ग लोंढ्याला एकमेकांना मिळाले. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे सारे काम झपाट्याने झाले, आणि ते सगळे मीटरगेजमध्ये, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर ठेवून, झाले.

मीटरगेज म्हणजे काय, हे सांगण्याची त्यांची पद्धत साधी आणि परिणामकारक आहे. फलाटाबाहेरच्या मोकळ्या जागेत खडूने दोन रेघा एक हजार मिलिमीटर अंतरावर ओढतात, आणि त्यांच्या शेजारी आणखी दोन रेघा मोठ्या मापाच्या, म्हणजे एक हजार सहाशे शहात्तर मिलिमीटर अंतरावर. मग सहलीतल्या मुलांना त्या रेघांमध्ये उभे करतात. लहान मापाच्या रुळांना कमी रुंदीचा भराव पुरतो, वळणे अधिक तीव्र घेता येतात, पूल आणि डबे हलके चालतात आणि खर्च वाचतो, हे त्या रेघांकडे बघत सांगितले की लहान मुलांनाही पटते. सीमाभागातल्या मोठ्या माणसांना हा विषय दुसऱ्या बाजूने परिचित आहेच. पुण्याहून मिरजेपर्यंत मोठी गाडी आणि मिरजेला उतरून बेळगावसाठी लहान गाडी, असा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे केला आहे, आणि पंढरपूरची अरुंद मापाची गाडीही त्याच मिरजेहून सुटायची. एका स्थानकात तीन मापांचे रूळ असलेल्या मिरजेचा उल्लेख मार्गदर्शकाने केला खरा, पण एका वाक्यात उरकला. तिथे पाच मिनिटे अधिक द्यावीत, असे माझे मत आहे, कारण दिवसाच्या शेवटी दांडेलीच्या गाडीचे काय झाले हे समजायला मिरजेचा तो अनुभवच सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

लोंढ्याहून अळणावरपर्यंतचा टप्पा साध्या डब्यातून करतात. खासगी गाडीने नेले असते तर वेळ वाचला असता, परंतु रेल्वेच्या इतिहासाची सहल रेल्वेनेच सुरू व्हावी हा त्यांचा आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे. खिडकीतून दिसणारे जंगल, मध्येच उघडणारी भातशेती, लहान स्थानकांची कौलारू छपरे या गोष्टी कोणी समजावून न सांगताही विषयाला लागून येतात. तिकीट ज्याचे त्याने काढायचे असते, आणि तशी सूचना ते आधीच देतात.

अळणावर हे या सहलीचे खरे केंद्र आहे. मुख्य मार्गावरचे हे स्थानक धारवाड जिल्ह्यात येते, आणि इथूनच दांडेलीचा फाटा फुटतो. १९१९ च्या सुमारास इंग्रजांनी हा पंचवीस-तीस किलोमीटरांचा मार्ग घातला तो माणसांच्या सोयीसाठी नव्हता. दांडेली, हल्याळ, सुपा या भागातला साग, शिसव आणि इतर इमारती लाकूड बाहेर काढायचे, ही त्यामागची गरज होती. हा भाग ज्यात येतो तो कारवार जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता, त्यामुळे या जंगलाचा महसूल आणि त्याचे लाकूड मुंबई सरकारच्या हिशेबात जमा होत होते. नदीतून ओंडके सोडणे आणि बैलगाड्यांनी ते ओढून नेणे यांना पावसाची आणि घाटाची मर्यादा होती. रुळांवर चढवलेला ओंडका मात्र अळणावरहून हुबळीलाही जाऊ शकत होता आणि लोंढ्यामार्गे बंदरावरही. हे सगळे मार्गदर्शकाने नकाशा पसरून दाखवले. नकाशा हाताने काढलेला आहे, मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत गावांची नावे आहेत, आणि त्यात नद्या, घाट आणि रूळ वेगवेगळ्या रंगांत आहेत. संपूर्ण सहलीत मला सर्वांत जास्त आवडलेली वस्तू कोणती असे कोणी विचारले तर मी या नकाशाचेच नाव घेईन. तो छापून प्रत्येकाच्या हाती द्यायला हवा.

त्याऐवजी हाती मिळते ते एक चार पानी पत्रक, आणि त्याबद्दल माझी पहिली हरकत आहे. पत्रकात लिहिले आहे की हा फाटा सदर्न मराठा रेल्वेने बांधला. १९०८ च्या आरंभीच ही कंपनी मद्रास रेल्वेत मिळून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली होती, त्यामुळे १९१९ च्या सुमाराच्या मार्गाचे श्रेय जुन्या कंपनीला देता येत नाही. हा तपशील किरकोळ आहे असे कोणी म्हणेल, पण मला तसे वाटत नाही. कंपनी बदलली म्हणजे मालक, हिशेब आणि कागदपत्रे ठेवण्याच्या जागा बदलल्या. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने याच पत्रकावरून जुन्या नोंदी शोधायला घेतल्या, तर तो चुकीच्या कपाटासमोर उभा राहील. पुढचा प्रवासही पत्रकात यायला हवा होता. १९४४ मध्ये कंपनीचा कारभार सरकारने घेतला, १४ एप्रिल १९५१ रोजी दक्षिण रेल्वे झाली, १९६६ मध्ये हुबळी विभाग नव्या दक्षिण मध्य रेल्वेकडे गेला आणि २००३ पासून तो नैऋत्य रेल्वेत आहे. एका लहान फाट्याने पाच वेगवेगळ्या कारभारांखाली काम केले, आणि जे स्थानक आपल्याला एकसारखे उभे दिसते त्याच्या पाटीमागचे मालक असे बदलत गेले.

पत्रकाची ही उणीव अळणावरच्या प्रात्यक्षिकाने पुष्कळ भरून निघते. मंडळींपैकी एकाच्या घरी रेल्वेतून निवृत्त झालेले वडीलधारे आहेत. त्यांच्याकडून शिकून मंडळींनी टोकनच्या पद्धतीची एक साधी प्रतिकृती तयार केली आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्थानकांत विजेच्या तारेने जोडलेली यंत्रे असत. दोन्हीकडच्या मास्तरांची संमती झाल्याशिवाय यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडत नसे, आणि तो गोळा चामड्याच्या पिशवीत घालून वेताच्या कड्यासकट ड्रायव्हरच्या हाती पोहोचल्याशिवाय गाडीला पुढे जायचा अधिकार नसे. पुढच्या स्थानकावर गोळा परत यंत्रात पडला की मग दुसरा सोडता येई. सहलीतल्या दोन मुलांना दोन टोकांना मास्तर म्हणून बसवतात, तिसऱ्याला ड्रायव्हर करतात, आणि पळता पळता कडे हातात अडकवायला लावतात. मुले हसतात, पडतात, पुन्हा करतात, आणि त्या गडबडीत सुरक्षेचा सगळा हिशेब त्यांच्या अंगात उतरतो. स्थानकाबाहेर लटकवलेल्या रुळाच्या तुकड्यावर दिलेले टोल, सिग्नल पडणे म्हणजे रस्ता मोकळा होणे, रात्री कंदिलाच्या लाल-हिरव्या काचा या गोष्टीही त्याच ओघात येतात. हा अर्धा तास अतिशय चांगला आहे.

माझी सूचना एवढीच की हे प्रात्यक्षिक मुख्य मार्गाला लागू होते हे स्पष्ट सांगावे. जो फाटा एका टोकाला संपतो आणि ज्यावर एका वेळी एकच गाडी सोडायची असते, तिथे बहुधा इतक्या यंत्रांची गरज नसते. एकच काठी किंवा तसेच एखादे अधिकारचिन्ह ड्रायव्हरकडे असले की काम भागते, आणि रेल्वेच्या नियमांत त्यासाठी वेगळी पद्धत आहे. मुख्य मार्ग आणि फाटा यांतला हा फरक सांगितला तर फाट्याचे वेगळेपण मुलांना अधिक कळेल. लहान फाट्यावर माणसे कमी, गाड्या कमी आणि एकेका माणसावर कामे जास्त. तिकीट देणारा, पार्सल तोलणारा आणि तारयंत्रावर बसणारा माणूस पुष्कळ वेळा एकच असे.

जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटांचा एक लहानसा संग्रहही ते दाखवतात. तारीख ठोकण्याच्या यंत्राची खूण तिकिटाच्या टोकाला उमटलेली दिसते, आणि प्रौढांचे अर्धे तिकीट लहान मुलासाठी कसे कापून देत तेही समजते. संग्रह हातात घेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

अळणावरहून पुढचा प्रवास मोटारीने होतो. रुळांवरून चालत जायची अनेकांची इच्छा असते आणि तशी मागणी माझ्यासमोर दोघांनी केलीही. मार्गदर्शकाने ती शांतपणे पण ठामपणे नाकारली. हा मार्ग मालगाड्यांसाठी वापरात राहिलेला आहे आणि विनापरवाना रुळांवर जाणे हा रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमानुसार गुन्हा आहे, एवढे त्याने सांगितले आणि विषय संपवला. जुन्या रेल्वेच्या नावाने रुळांवर बसून छायाचित्रे काढण्याची जी लाट आली आहे, तिच्यापुढे ही शिस्त पाहून मला फार समाधान वाटले. जिथे रस्ता रुळांच्या जवळ येतो किंवा फाटक लागते, तिथे गाडी थांबवून बाहेरूनच दाखवतात. भराव, रुळांसाठी टेकड्या कापून केलेल्या वाटा, लहान पुलांचे दगडी खांब आणि पाण्याच्या वाटा रस्त्यावरूनही नीट दिसतात.

आंबेवाडी आणि दांडेलीत मात्र वेळेची वाटणी बिघडते. लाकडाच्या आगाराबाहेर आणि नदीकाठी मंडळी इतकी रेंगाळतात की स्थानकासाठी जेमतेम वेळ उरतो. आगाराबाहेरचे निरूपण चांगले आहे, हे मान्य करायला हवे. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सने बांबूला मोठी मागणी निर्माण केली, फेरोमँगनीजच्या कारखान्यामुळे खनिजाच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आल्या, आणि ज्या फाट्याचा जन्म ओंडक्यांसाठी झाला होता त्याला एका औद्योगिक गावाचे काम मिळाले. कारखान्यांसाठी माणसे आली, वसाहती झाल्या, शाळा आल्या, आणि त्याच गाडीने बेळगाव, खानापूर, धारवाडकडून कामगार कुटुंबांसकट येऊन राहिले. १९५६ मध्ये दांडेलीचे अभयारण्य झाले, १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला, तोडीवर निर्बंध वाढत गेले आणि उरलेला माल ट्रकांवर चढू लागला. हा सारा पट मार्गदर्शकाने नीट उलगडला. पण मग जिथे माणसे उतरत-चढत होती त्या जागेपाशी आल्यावर ‘चला, जेवणाला उशीर होतोय’ हे ऐकावे लागले. सहलीचे नाव फाट्याचे असेल तर घड्याळही फाट्याच्या बाजूने असावे.

प्रवासी गाडी का थांबली, याचे पत्रकातले उत्तर ‘तोटा’ या एका शब्दाचे आहे. हे उत्तर मला अपुरे वाटते आणि त्याबद्दल इथे थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. १९९२ पासून रेल्वेने देशभर एकच माप करण्याचे धोरण हाती घेतले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास आपल्या भागातले मुख्य मार्ग मोठ्या मापाचे झाले. एखाद्या मुख्य मार्गाचे माप बदलते तेव्हा त्याच्या फाट्यावर काय होते, हे मिरजेला गाडी बदलणाऱ्यांना लगेच कळेल. फाट्याचे इंजिन दुरुस्तीला हुबळीच्या कारखान्यात जात असते, डबे तिकडूनच येतात, एखादा डबा नादुरुस्त झाला तर बदली डबा मुख्य मार्गावरूनच मिळतो. मुख्य मार्गाचे रूळ रुंद झाले की लहान मापाचा फाटा त्याच्या स्वतःच्या कारखान्यापासूनच तुटतो. मग दोनच पर्याय उरतात, फाट्याचेही रूळ बदलायचे किंवा फाटा सोडून द्यायचा. अळणावर–दांडेलीच्या बाबतीत रूळ वाचले, पुढे मोठ्या मापाचे झाले, मालगाड्या जात राहिल्या. प्रवासी गाडी मात्र पुढची पंचवीसएक वर्षे थांबलेलीच राहिली.

माल परत आला आणि माणसे इतकी वर्षे परत आली नाहीत, याची कारणे स्थानकाच्या गणितापेक्षा रस्त्याच्या गणितात जास्त सापडतात, असे मला वाटते. मालाला फलाट लागत नाही, तिकीटखिडकी लागत नाही, वेळापत्रक पाळणारा डब्यांचा संच लागत नाही. मालधक्का आणि इंजिन मिळाले की काम होते. प्रवाशाला हे सगळे लागते. तोवर दांडेलीहून हल्याळ आणि धारवाडकडे थेट एसटी जाऊ लागली होती, आणि रेल्वेने जायचे तर अळणावरला उतरून दुसऱ्या गाडीची वाट बघायची होती. थांबलेल्या काळात बसची सवय घट्ट झाली. तोटा हा शब्द या साखळीच्या शेवटी येतो. तो सुरुवातीला लिहिला की वाचणाऱ्याला वाटते, लोकांनाच गाडी नको होती.

लोकांना गाडी नको नव्हती, हे त्याच दिवशी ऐकायला मिळाले. आंबेवाडीजवळ एका चहाच्या हॉटेलात दोन-तीन जुनी माणसे बोलायला येतात. मार्गदर्शक त्यांच्याशी ज्या आदराने वागतो ते पाहण्यासारखे आहे. ‘काका, तुम्हीच सांगा, आम्ही ऐकतो,’ एवढे म्हणून तो बाजूला होतो आणि मधे बोलत नाही. एक काका म्हणाले, ‘गाडी बंद झाली म्हटल्यावर अळणावरला जायचं म्हणजे अर्धा दिवस मोडायचा की हो.’ दुसऱ्यांनी मालाच्या डब्यांना जोडलेल्या प्रवासी डब्याची आठवण सांगितली. शंटिंग, म्हणजे डबे जोडण्या-सोडण्याचे काम, संपेपर्यंत गाडी उभी राहायची, आणि तोवर बायका उतरून पाणी भरून घ्यायच्या. हे ऐकताना मला वाटले की पत्रकाची दोन पाने अशा बोलण्याला द्यायला हवीत.

इथे माझी दुसरी आणि अधिक गंभीर हरकत आहे. बोलायला आलेली सगळी माणसे पुरुष होती, आणि सगळी गावातली. या जंगलात म्हशी घेऊन फिरणारे धनगर गवळी आहेत, हल्याळ भागात सिद्दी समाजाच्या वस्त्या आहेत, जोयड्याच्या बाजूला कुणबी आहेत. ओंडके तोडणारे, ओढणारे, वाघिणीत चढवणारे हात कोणाचे होते आणि लोणी-तूप घेऊन गाडीला येणाऱ्या बाया कोण होत्या, याबद्दल दिवसभरात एक शब्दही आला नाही. लाकडाचा इतिहास सांगताना कापलेले झाड दिसते आणि कापणारा माणूस दिसत नाही, असे होऊ नये. सहलीचे संयोजक याच मुलखातले आहेत, त्यांना या वाड्यांपर्यंत पोहोचणे कठीण नाही, आणि ज्यांच्या आठवणीत ती गाडी आहे ती माणसे आता थकत चालली आहेत. त्यांच्याशी बोलून, परवानगी घेऊन, ध्वनिमुद्रण करून ठेवण्याचे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

फाट्याचा पुढचा अध्याय मार्गदर्शक थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रवासी गाडी पुन्हा सुरू झाली. बेळगावचे खासदार आणि त्या वेळचे रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी तिला झेंडा दाखवला. पंचवीसएक वर्षांनी गाडी आली म्हणून फलाटावर झालेला आनंद स्वाभाविक होता. स्थानकाला आंबेवाडी म्हणावे की दांडेली, हा वादही त्याच सुमारास पुढे आला. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या थांबल्या, तेव्हा हीही थांबली. जेमतेम काही महिने चाललेल्या त्या गाडीने एक गोष्ट दाखवून दिली. रूळ, फलाट आणि गाव जागेवर असतील तर बंद स्थानक पुन्हा उघडता येते. त्यासाठी मात्र मागणी करणारे लोक आणि ऐकणारे अधिकारी एकाच वेळी लागतात.

जेवण एका घरी असते आणि ते उत्तम आहे. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पंगत जमिनीवर बसते. ज्यांना खाली बसता येत नाही त्यांच्यासाठी बाकडे ठेवलेले असते. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय फक्त याच घरी मिळते. सकाळपासून जेवणापर्यंतचा काळ त्यासाठी फार मोठा आहे, आणि अळणावरच्या टप्प्यावर ही व्यवस्था करणे संयोजकांना अशक्य नाही.

परतीचा रस्ता हल्याळ, नंदगड आणि खानापूर असा आहे. नंदगडला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबतात. १८३१ मध्ये त्याला इथे फाशी दिली गेली, हे मराठी-कन्नड दोन्ही घरांतल्या मुलांना शाळेपासून माहीत असते. रेल्वेच्या विषयाशी या थांब्याचा थेट संबंध नाही, तरीही थकलेल्या मुलांना पाय मोकळे करायला तो पुरतो. तेवढ्यातच मार्गदर्शकाने नंदगडच्या जुन्या बाजारपेठेबद्दल आणि रेल्वेचे रूळ खानापूर-लोंढ्याकडून गेल्याबद्दल दोन वाक्ये सांगितली. व्यापाराच्या जुन्या वाटा रुळांनी कशा वळवल्या, हा विषय एका स्वतंत्र सहलीचा आहे. तो त्यांनी पुढे कधीतरी हाती घ्यावा.

भाषेच्या बाबतीत ही सेवा आदर्श आहे, असे मी म्हणेन. निरूपण मराठीत होते, पण सहलीत कन्नड बोलणारे कुटुंब असले तर मार्गदर्शक प्रत्येक थांब्यावर तेच कन्नडमध्ये सांगतो, घाईने नव्हे, तितक्याच वेळात. या रुळांनी बेळगावचा माणूस धारवाडला आणि धारवाडचा माणूस मिरजेला नेला. त्यांचा इतिहास एकाच भाषेत सांगितला तर अर्धाच राहील. स्थानकांची नावे तो दोन्ही उच्चारांनी घेतो, आणि त्यावरून कोणी वाद काढला तर हसून पुढे जातो.

शुल्क जेवण आणि मोटारीचा खर्च धरून वाजवी आहे आणि विद्यार्थ्यांना सवलत देतात. रेल्वेचे तिकीट त्यात धरलेले नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात रस्ते आणि जळवा यांमुळे सहल बंद ठेवतात, आणि मे महिन्यात दुपारच्या उन्हात लहान मुलांना नेऊ नये असे माझे मत आहे. पायात बूट, डोक्याला टोपी आणि पाण्याची बाटली सोबत असावी. प्लास्टिक जंगलात टाकू देत नाहीत. घरात रेल्वेत काम केलेली आजी-आजोबांच्या वयाची कोणी व्यक्ती असेल तर तिला सोबत नेता येईल का हे नोंदणीच्या वेळी विचारावे, कारण अळणावरच्या प्रात्यक्षिकात अशा माणसांना बोलू द्यायला संयोजक आनंदाने तयार असतात.